वास्तू तथास्तु म्हणते

पुण्याच्या कोर्टात घसा फोडून झाला, आता जपानात, सेंदाई महापालिकेच्या परदेशी लोकांच्या खिडकीशी बसते. ना धड वकील, ना धड साहेब. लोकांना वाटतं सरकार माझ्या खिशात आहे, सरकारला वाटतं मी लोकांच्या. दोन्हीकडून ऐकून घ्यायचं आणि बसमध्ये उभ्याउभ्या पेंगत घरी यायचं. कंटाळा आलाय खरं तर.

त्या काकू लेकाबरोबर आल्या. लेक इथल्या विद्यापीठात संशोधक, एकुलता एक. काका गेल्यावर त्याला आईला कायमचं जवळ ठेवायचं होतं. म्हाताऱ्या आईबापांना इथे सहसा राहू देत नाहीत. दिलंच, तर मायदेशी बघायला कुणीच नाही, हे पटल्यावर.

"इमिग्रेशनच्या साहेबांनी विचारलं तर सांगा, तिकडे माझं कुणी नाही," मी म्हटलं.

काकू दचकल्याच. "अगंबाई! असं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

"अहो काकू, हे जपानी ऑफिस आहे. इथल्या वास्तूला मराठी कुठे कळतंय?"

"वास्तूला सगळं कळतं."

डोकंच फिरलं माझं. लेकानेही हात जोडले. शेवटी काकू "बरं" म्हणाल्या.

इमिग्रेशनमध्ये दुभाषी म्हणून मीच गेले. तिथल्या साहेबाने अगदी अदबीने विचारलं, तिकडे तुमचं कोण आहे?

काकूंनी पदर सारखा केला. "आहेत की सगळे! शेजारी आहेत, भाचे आहेत. दूधवालासुद्धा चौकशी करून जातो. माझं काही अडत नाही."

लेक माझ्याकडे बघत राहिला. साहेबाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण दुभाष्याने समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं असतं. मी सांगितलं. इतका राग आला, काकूंचा, त्या नियमाचा आणि माझ्या या नोकरीचाही.

परवानगी नाकारली गेली.

काकू निघाल्या त्या दिवशी मी स्टेशनवर गेले. लेक सामान घेऊन आधीच डब्यात चढला होता, विमानतळापर्यंत सोडायला. काकूंनी माझा हात धरला. "येते हं. रागावू नका माझ्यावर. तुमचं कोण असतं हो पुण्याला?"

आई गेली, पाठोपाठ भाऊ गेला. घरही विकून टाकलं.

"आहेत की सगळे," मी म्हटलं.