तिसरी लेव्हल

मी उतावळी आहे. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

वडिलांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात अन् वाचा दोन्ही एकदमच गेली. उभा जन्म घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. आवाज असा, की शेवटच्या दावणीचा बैल कान टवकारायचा. खरा सौदा मात्र मुक्यानेच व्हायचा. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, भाव दोघांतच राहायचा. आता ती बोटंही मांडीवर नुसती पडून असायची. त्यांना सगळं समजायचं, पण ओठ हलायचे आणि शब्द काही निघायचा नाही. दादा पुन्हा बोलतील का, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात होता आणि तो कुणीच मोठ्याने विचारत नव्हतं.

नगरला व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "बोटाला रोज बारीकसं काम द्या. कंटाळू देऊ नका." त्याच आठवड्यात संगमनेरला नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने माझ्या मोबाईलवर एक खेळ पाठवला. वळणावळणाची निळी वाट आणि एक लाल ठिपका. भिंतीला न लावता बोटाने तो ठिपका पलीकडे न्यायचा. खाली भावाने लिहिलं होतं, 'तिसऱ्या लेव्हलपर्यंत जाऊन दाखव.' मी दुसरीलाच चारदा आपटले आणि चिडून सोडून दिलं. पण म्हटलं, दादांच्या बोटाला यापेक्षा चांगलं काम कुठलं मिळणार?

रोज पडवीत बसून मी त्यांचं बोट धरून ठिपक्यावर ठेवायचे. पहिले काही दिवस ठिपका जागचा हलेना. पहिली लेव्हल पार झाली तेव्हा मी आईला गोठ्यातून ओढत आणलं. दादांची चिकाटी दांडगी. अडेल खोंडाला चुचकारत टेम्पोत चढवावं तसे ते ठिपक्याला पुढे न्यायचे. हळूहळू ते तिसऱ्या लेव्हलला पोचले. वाट दोऱ्याएवढी बारीक. दादांनी डाव्या हाताने मोबाईल नाकाशी धरला, ठिपका शेवटच्या वळणावर आला.

स्क्रीनभर पांढऱ्या डोळ्यांचा एक सडका चेहरा उगवला आणि किंचाळला.

"आयला!"

मोबाईल उडून कडब्यावर पडला. मी दादांच्या छातीवर हात ठेवून रडायला लागले. आपण आपल्या हाताने बापाला मारलं, असंच वाटलं मला. आई शेणाच्या हातांनी धावत आली. "कोन वरडलं गं?"

"दादा. शिवी दिली त्यांनी."

आई म्हणजे त्यांच्या शिव्यांवरून जन्मभर भांडत आलेली बाई. ती त्यांच्यापुढे खाली बसली आणि म्हणाली, "आवो, परत द्या बरं एक. चांगली सनसनीत द्या."

दादांनी जीव तोडून प्रयत्न केला. नाही आली.

भावाची मी फोनवर खरडपट्टी काढली. त्याला मला घाबरवायचं होतं, दादांना नव्हे. तोही बिचारा रडला. ताईंनी दादांचा रक्तदाब बघितला आणि मलाच झापलं. मग म्हणाल्या, की तोंडात बसलेली शिवी कधी कधी अशी आपसूक निसटते, पण मनातला शब्द आला तर खरं. तरी त्या एका शिवीवर आम्ही महिना काढला.

दादा काही खेळ सोडेनात. आवाज बंद करून मी तो देत राहिले. चेहरा आला की ते गालातल्या गालात हसायचे.

मग एका दुपारी बाजारातले त्यांचे जुने जोडीदार भेटायला आले. दादांशेजारी बाजेवर बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, याला समजतं का काही?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादांनी मात्र शांतपणे मोबाईल घेतला. डाव्या अंगठ्याने त्यांनी कडेचं बटण दाबून आवाज मोठा केला, ते मी पाहिलं आणि गप्प बसले.

"काय दावतो, गड्या?" म्हणत जोडीदार वाकले. दादांचं बोट न थरथरता निघालं. शेवटच्या वळणावर त्यांनी मोबाईल जोडीदाराच्या तोंडासमोर केला.

हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला आणि जोडीदार ताडकन उभे राहिले. दादा खदखदून हसले आणि हसता हसता म्हणाले, "भ्या... भ्यालास?"

आई दारातच थबकली. ताई म्हणाल्या तो मनातला शब्द हाच. मला इतका आनंद झाला, की मी पदराने भलत्याच जागचा चहा पुसत बसले.

"भ्यालो ना रं! लई भ्यालो," जोडीदार म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दादांच्या उजव्या हातावर टाकलं आणि आपला हात आत सारला. कापड थोडा वेळ हलत राहिलं.

"न्हाई," दादा म्हणाले.

"काय न्हाई?" आईने घाबरून विचारलं.

"तुमची गाय मागितली, वहिनी. भाव पटंना याला." नाक पुसून ते पुन्हा दादांकडे वळले. "बरं, वाढवतो. दे हात."