वेणीची सावली

आधीच सांगून टाकते, मी दाजींना माफ केलेलं नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. या एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर मला त्यांनीच चिकटवलं आणि गेली चौदा वर्षं आम्ही एकाच छताखाली काम करतो. माणूस देवासारखा आहे असं सगळे म्हणतात, आणि मीही नाही म्हणणार नाही. पण त्यानं माझा राग कमी होत नाही.

दाजी एक्स-रे काढतात. सेंटरमध्ये त्यांना सगळे श्वासमास्तर म्हणतात, कारण दिवसातून पन्नास वेळा त्या शिसं लावलेल्या जड दारामागून त्यांचा आवाज येतो, "श्वास घ्या... अजून घ्या... धरा... सोडा." सुट्टीच्या दुपारी पेपर तोंडावर घेऊन ते घोरायला लागले आणि घोरता घोरता श्वास अडकला, की ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "सोडा!" आणि ते झोपेतच सोडायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्याकडे येणारा माणूस निम्मा घाबरूनच येतो. सरकारी दवाखान्यातली रांग नको म्हणून खाजगीत आलेला असतो, डॉक्टरांची चिठ्ठी मुठीत चुरगळलेली असते. मी नाव, वय लिहून घेते, बाई असेल तर दिवस गेलेत का ते हळूच विचारते आणि बाकावर बसवते. दारावरचा लाल दिवा विझला की आत पाठवते. पुढचं सगळं दाजींचं. आधी ते स्वतःचे तळहात एकमेकांवर घासून ऊन करतात, कारण खांदे धरून माणसाला नीट उभं करावं लागतं. मग म्हणतात, "ही पाटी गार लागेल. त्रास म्हणाल तर तेवढाच. दुखत नाही, टोचत नाही, झालं ते कळतसुद्धा नाही." गळ्यातलं, कानातलं स्टीलच्या ट्रेमध्ये. बटणांचे कपडे काढून मागं नाड्या असलेला झगा. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. आणि समोर बाई असेल तर न चुकता, "केस वर बांधा हं."

हे केसांचं लोकांना विचित्र वाटतं. छातीचा फोटो आणि केसांचा काय संबंध? संबंध असा, की वेणी खांद्यावरून पुढे आलेली असली तर तिचीही सावली प्लेटवर उमटते, नेमकी फुप्फुसाच्या वरच्या टोकाला. आत काहीतरी आहे असं वाटायला लावते. मग पुन्हा फोटो काढा. आणि पुन्हा काढणं हे दाजींना फार कमीपणाचं वाटायचं. एक पेशंट, एक फोटो. "किरण म्हणजे काय पाऊस आहे, थोडं जास्त भिजलं तर भिजलं म्हणायला?" असं ते नव्या लोकांना दटावायचे. केसांच्या चापांचा एक डबा त्यांनी स्वतः आणून आत ठेवला होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फोटो झाला की प्रत्येक पेशंट विचारतो, "काय दिसतंय हो?" फोटो काढणाऱ्यानं काही सांगायचं नाही असा नियम आहे. संध्याकाळी रिपोर्टवाले डॉक्टर येतात, प्लेटी वाचतात, ते लिहितील ते खरं. पण बावीस वर्षं प्लेटी बघून ज्याला काही कळत नाही तो दगडच म्हणायचा. दाजी दगड नव्हते. फोटो स्वच्छ असला तर म्हणायचे, "चला, झालं. घरी जा, पोटभर जेवा." आणि काही दिसलं तर म्हणायचे, "डॉक्टर सांगतील." बस, एवढंच. आवाज तोच, चेहरा तोच. पेशंटला यातला फरक कधी कळला नाही. मला कळायचा आणि ताईला. संध्याकाळी ते घरी हात धुवायला लागले की ती टॉवेल पुढे करून विचारायची, "आज किती 'डॉक्टर सांगतील'?" ते म्हणायचे, "दोन." ज्या दिवशी आकडा मोठा, त्या दिवशी जेवण कमी.

तर ताईला खोकला झाला. तीन आठवडे झाले तरी हटेना. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "नाहीच थांबला तर एक फोटो काढू या." ताई म्हणाली, "घरात फोटोवाला असताना चिठ्ठी कशाला?" मग एके दिवशी दाजी चष्मा घरी विसरले आणि ती तो द्यायला सेंटरवर आली. सकाळीच मी तिच्याकडे गेले होते, तिची वेणी मीच घातली होती. गुडघ्यापर्यंत नाही, पण कमरेखाली जाणारी, मनगटाएवढी जाड वेणी. चाळीशीतही असले केस, मला तर हेवाच वाटायचा.

"आलीच आहेस तर काढून टाकू," दाजी म्हणाले. दोन पेशंटांच्या मधे पाच मिनिटं होती. चिठ्ठी नाही, म्हणून मी फॉर्म भरला नाही. फॉर्म नाही, म्हणून प्लेट डॉक्टरांच्या गठ्ठ्यात गेली नाही. घरचंच काम. आतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. ती म्हणत होती, "हात गार आहेत, घासा की!" ते म्हणत होते, "बायकोला कशाला घासायचे?" मग "धरा," "सोडा," आणि झालं.

बाहेर आले ते प्लेट घेऊन, कपाळावर हात मारत. "तुझी ही वेणी! बघ, कशी मधे आलीय." जगातल्या सगळ्या बायकांना केस बांधायला लावणारा माणूस, स्वतःच्या बायकोला सांगायचं विसरला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी म्हटलं, "मग पुन्हा काढा." बाकावर पुढचा पेशंट येऊन बसला होता. पण खरं कारण ते नव्हतं. ते म्हणाले, "उगाच हिला दुसऱ्यांदा किरण कशाला? वेणीच आहे. मला कळत नाही होय?" ताईला म्हणाले, "चला, झालं. घरी जा, पोटभर जेव." ती हसत गेली. मी पुन्हा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. तोही राग आहेच.

खोकला थांबला, पुन्हा आला. आला की ताई म्हणायची, "फोटो चांगला आहे ना, मग असू दे." अकरा महिने तिनं त्या एका वाक्यावर काढले. कपडे ढगळ व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांनी काही न विचारता चिठ्ठी लिहून दिली.

त्या दिवशी मी फॉर्म भरला. "बाई, नाव?" मी मुद्दाम विचारलं. "तुझी वैरीण," ती म्हणाली आणि खोकत बसली. आत गेल्यावर दाजींनी काही बोलायच्या आधीच तिनं डब्यातले दोन चाप दातात धरले, दोन्ही हातांनी वेणी गुंडाळून डोक्यावर बसवली. दाजींनी तळहात घासले, खूप वेळ घासले. बाक रिकामा होता, म्हणून मी त्यांच्यामागे काचेआड जाऊन उभी राहिले.

"श्वास घ्या... अजून... धरा."

यंत्र घरघरलं. पडद्यावर चित्र आलं. उजवीकडे वरच्या टोकाला, त्याच जागी, तीच सावली. आता लिंबाएवढी. दाजी बघत राहिले. मीही. "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं.

आत ताईनं आपणच श्वास सोडला, खोकली, आणि हसत म्हणाली, "अहो, सोडा कोण म्हणणार? काय दिसतंय? आज वेणी नाही हं मधे!"

आणि दाजींच्या तोंडून बावीस वर्षांची सवय बाहेर पडली. "डॉक्टर सांगतील," ते म्हणाले.

आवाज तोच होता. काचेतून मला ताई दिसत होती. तिनं हात वर नेले, एक चाप काढला, मग दुसरा. वेणी पाठीवर पडली. "बरं," ती म्हणाली. ट्रेमधलं कानातलं घालायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला. बाहेर येऊन माझ्या काउंटरवर हात टेकून ती म्हणाली, "आजचं एक झालं ग."

संध्याकाळी रिपोर्टवाल्या डॉक्टरांनी आधीची एखादी प्लेट आहे का विचारलं, तेव्हा दाजींनी ती जुनी काढून दिली. दोन्ही शेजारी शेजारी उजेडावर लावल्या. जुन्या प्लेटमध्ये वेणी होतीच, दाजी खोटं बोलले नव्हते. पट्टा मानेजवळून निघून खांद्यावरून खाली आला होता. आणि त्याच्याखाली झाकलेलं, बोराएवढं, ते होतं. दोन्ही होतं. "ही कोणी वाचली होती?" डॉक्टरांनी विचारलं. दाजी म्हणाले, "मी."

उपचारात आधी ताईचे केस गेले, मग सात महिन्यांनी ती. दाजींना ती एका शब्दानं बोलली नाही. उलट चेष्टा करायची, "माझ्याच वेणीनं मला दगा दिला." भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायचं काम तिनं माझ्यावर टाकलं, आणि मला ते धड जमत नाही, कारण समोर आल्यावर ते रोज आधी माझ्या चहाची चौकशी करतात.

दाजी अजून कामावर येतात. फोटो स्वच्छ असो नसो, आता सगळ्यांना ते एकच वाक्य म्हणतात, "डॉक्टर सांगतील." पेशंटांना काही वाटत नाही, त्यांना फरक माहीतच नव्हता. बायकांचे केस मीच काउंटरवर बांधून आत पाठवते. कोणी मला तसं सांगितलेलं नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत ते त्यांच्या पिशवीतून जुनी प्लेट घेऊन बाहेर आले. मला वाटलं होतं ती फाडून टाकली असेल. खिडकीच्या काचेवर ती धरून म्हणाले, "ही तूच घातली होतीस ना ग त्या दिवशी? घट्ट घालायचीस. पेड न् पेड मोजून घ्यावा." मग वेणीवरून बोट खाली नेलं. "तू चौदा वर्षं बघते आहेस प्लेटी. खरं सांग. वेणीखाली दिसतं का काही? तेव्हा दिसण्यासारखं होतं का?"

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. 'नाही' एवढं म्हटलं असतं तर त्या माणसाला निदान एक दुपार जेवण घशाखाली उतरलं असतं. मी काचेपाशी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेडाच्या मधे, खालच्या बाजूला, गोल कड दिसत होती. एकदा दिसली की नजर तिथून हलत नव्हती.

"डॉक्टर सांगतील, दाजी," मी म्हटलं.

त्यांनी प्लेट खाली घेतली, पाकिटात घातली. "बरं," ते म्हणाले. ताई म्हणाली होती तसंच.