वायर नसलेला वूफर

आधीच सांगते... आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर मांजराला दूध मिळतं आणि आम्ही पुढे जातो. गाडीची डिलिव्हरी आम्ही मुद्दाम अमावस्येला घेतली, कारण त्या दिवशी शोरूमला गर्दी नसते. तळोज्याच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासणं हे माझं काम. काटा बरोबर चालतो की नाही एवढंच मी बघते. त्यामुळे मी हे असलं काही लिहितेय असं घरी कळलं तर माझी चांगलीच खेचतील. पण घडलं ते घडलं.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये रमाकांतदादांचं कुटुंब. मूळचे नेऱ्याचे, आगरी. गावचं घर अजून आहे, लग्नकार्यं तिथेच होतात. त्यांचे वडील हसुरामबाबा ठार बहिरे. कानाचं मशीन आणलं होतं, पण "कानात भुंगा शिरलाय" म्हणत बाबांनी ते काढून ठेवलं ते ठेवलंच.

बाबांची बायको, चांगुणाआजी, धवलारीण होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — आगरी लग्नात धवलारीण बाई गाणी म्हणत म्हणत विधी पार पाडते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसता गळा. आजी जाऊन काही वर्षं झाली, पण कुठल्याशा लग्नात कोणीतरी त्यांचे धवले कॅसेटवर घेतले होते. रमाकांतदादांनी ते पेनड्राइव्हवर उतरवून आणले. रोज दुपारचा चहा झाला की हॉलमधल्या जुन्या लाकडी स्पीकरच्या जोडीवर ते लागायचे आणि बाबा एका स्पीकरच्या खालच्या मोठ्या वूफरवर, म्हणजे जाड आवाजाच्या गोल कागदी पडद्यावर, तळहात ठेवून बसायचे. दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर हळूहळू चालायचं. ओळ संपली की बोट वर.

मला यात काही गूढ वाटायचं नाही. आवाज म्हणजे हादरा, आणि हादरा हाताला कळतो. उलट ते बघायला छान वाटायचं.

मग नातीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं. बाबांनी एकच अट घातली. "चांगुणा गायल तिथं मी बसंन. नायतर मी येत नाय." म्हणजे स्पीकर मांडवात न्यायचा. पण एका बाजूचा आवाज अगदी पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता. सोसायटीतले मिक्सर-इस्त्र्या माझ्याकडेच येतात, तसे रमाकांतदादाही आले. "वहिनी, तेवढा बघा ना जरा. बाबांचा हात त्याच स्पीकरवर असतो."

वूफर काढला. कडेचा फोम कुजून भुगा झालेला. मीटर लावला तर काहीच नाही... सर्किट ओपन. एक सोपी युक्ती असते — पेन्सिल सेलच्या वायरी वूफरला टेकवल्या की चालू वूफरचा कागदी कोन टपकन पुढे उडी मारतो. हा जागचा हलला नाही. आतली कॉइल तुटली होती.

"आवाज कधीपासून असा आहे?" मी प्रणालीला विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून, काकी."

म्हणजे इतके महिने बाबा मेलेल्या वूफरवर हात ठेवून बसत होते आणि बोट ओळीगणिक वर जात होतं! मी मनाशी म्हटलं, बाकीचा खोका थरथरत असणार. विषय संपला.

पनवेल मार्केटमधून त्याच मापाचा नवा वूफर आणला, वायरी सोल्डर केल्या, स्क्रू आवळले, गाणं लावलं. आवाज असा भरून आला की रमाकांतदादांची बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातानेच बाहेर आली. "आई आयल्यासारखं वाटलं," म्हणाली आणि रडायला लागली.

बाबांना आणून बसवलं. त्यांनी हात ठेवला, काढला, परत ठेवला.

"ही नाय."

"बाबा, आईच हाय!" रमाकांतदादा त्यांच्या कानाशी ओरडले, हातवारे केले.

"ही नाय. माजी बायको मना कलत नाय?" बाबा उठले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. लग्नाला येणार नाही, हे आतूनच सांगितलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चांगली वस्तू नीट बसवली होती आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. काम बिनचूक करून बोलणी खायची म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशीला गेले तर प्रणालीने दारातच माझा हात धरला. "काकी, बघा ना." जुना वूफर मी गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवून दिला होता, भंगारात द्यायला. बाबा तिथे आमच्याकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. वूफर मांडीवर, तळहात कोनवर. हॉलमध्ये धवले चालू होते आणि बाबांचं बोट बरोब्बर ओळीच्या शेवटी वर जात होतं.

जमीन हादरत असेल, खुर्ची हादरत असेल. माझ्यातली तपासणीवाली जागी झाली. मी हॉलमधल्या ॲम्प्लिफायरला हेडफोन लावला. तो लावला की दोन्ही स्पीकर बंद होतात. आता गाणं फक्त माझ्या कानात.

बोट चालूच होतं. माझ्या कानात ओळ संपली, बोट वर. पुढची ओळ लांब होती, आजींनी मध्येच श्वास घेतला... बोटही अडखळलं, मग पुढे गेलं. ते पाठ असणार, असं म्हणून मी अधल्यामधल्या ओळीत पॉज दाबलं. बोट हवेत थांबलं. मी वाट बघत राहिले. बोट तसंच.

"लाव की गो पोरी," बाबा मागे न वळता म्हणाले. "तिला तोडू नको."

मी हेडफोन काढला आणि सरळ घरी येऊन चहा करून प्यायले.

हळदीच्या दिवशी नेऱ्याला आम्हालाही आमंत्रण होतं. बाबा आले होते! मांडवात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर पंच्यात गुंडाळलेला तो जुना वूफर. आमचा दुरुस्त केलेला स्पीकर राहिला कोपऱ्यात, कारण डीजेवाल्याने भरदुपारीच दणका सुरू केला होता. छातीत धडधडत होतं. मी लगेच बाबांच्या बोटाकडे बघितलं. डीजेच्या ठेक्यावर असतं तर मला किती बरं वाटलं असतं... पण बोट आपलं संथ चाललं होतं.

आतल्या घरात, उंबऱ्याजवळच, कमळाबाई धवले म्हणत होत्या. या कमळाबाई चांगुणाआजींच्याच हाताखाली शिकलेल्या. माइक नव्हता. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला तेव्हा कुठे शब्द ऐकू आले. मग दारात उभी राहून एकदा आत त्यांच्या ओठांकडे, एकदा बाहेर बाबांच्या बोटाकडे बघत राहिले. बाबांची आतल्या दाराकडे पाठ होती. दोन्ही बरोबर चाललं होतं.

मी बाबांजवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरून कोनवर ठेवला.

"आयली?" त्यांनी विचारलं.

काहीच नव्हतं. डीजेची बारीक थरथर, बाकी नुसता जुना कागद. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा... मी जोरात मान डोलावली. आली, आली.

बाबा खुदकन हसले. "खोटी! आता कुठं? पानी पितंय ती."

मी वळून बघितलं. कमळाबाईंच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लागला होता.

आमच्या ह्यांचं म्हणणं, तो वूफर मागून घे आणि फोडून बघ, काहीतरी सापडेल. रमाकांतदादा देतीलही. मीटर मी नंतर पुन्हा लावला, अजून ओपनच दाखवतो. पण उत्तर शोधायला मी तो फोडणार नाही. दुपारी चहा झाला की बाबांना हात ठेवायला तो लागतो.