कान तुटलेला कप

जळक्या गिअर ऑइलचा वास आला की मला संतपूरच्या माझ्या गॅरेजातली ती दुपार आठवते. आमच्या गावचा शेतमालक मोटरसायकल घेऊन आला आणि म्हणाला, "दुसरा गिअर सुटायलाय रे, कामून ते बघ." याच्याच शेतात माझी आई खुरपायला जायची. आम्ही बौद्ध, म्हणून तिच्यासाठी गोठ्यात कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे, आणि चहा पिऊन तो तिनंच धुऊन पालथा घालायचा. तिनं काम सोडलं त्या दिवशी तो कप मी उचलून आणला होता. मी इंजन खोलून गिअर पोत्यावर मांडले. दात झिजून गोल झाले होते, गिअर सरकवणारा फोर्क वाकला होता. नवे बसवले आणि झाकण लावायच्या आधी थांबलो. त्याच कपात चहा ओतून पुढं केला. "आधी चहा घ्या मालक, मग झाकतो." त्यानं कप ओळखला, उघड्या इंजनाकडं बघितलं आणि चहा संपवला. "आता धुऊन पालथा घाला," मी म्हणालो. त्यानं घातला. गिअरबॉक्स मी इतका चोख बांधला, की तो पुन्हा कधी आलाच न्हाई. कप अजून फळीवर तसाच पालथा आहे, आणि त्या चोख कामाचा मला आजही पस्तावा होतो.