कोरा तळहात
आज डबा उघडताना हळद हाताला लागली आणि पन्नास वर्षांपूर्वीचं कुरुंदा गाव आठवलं. तेव्हा मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी होते. गावातल्या किती जणींनी मूल नको म्हणून घरी न सांगता तांबी बसवली, हे मोजायचं होतं, पण कुणा एकीचं गुपित मलाही कळू द्यायचं नव्हतं. म्हणून एका पिशवीत निम्मी हळकुंडं आणि निम्मे चिंचोके घातले. एक उचलायचं, मुठीतच बघायचं, परत टाकायचं. चिंचोका आला तर खरं सांगायचं, हळकुंड आलं तर नुसतं ‘व्हय’ म्हणायचं. मग ‘व्हय’ खरं की हळकुंडाचं, हे कुणालाच कळणार नाही, पण सगळ्या उत्तरांवरून गावाचा अंदाज निघेल. मी स्वतःवर भलतीच खूश होते. ओसरीवर सुना बसल्या होत्या, मागे सासवा ठाण मांडून. तेवढ्यात विहिरीवरून आलेल्या एका बाईनं ओल्या मुठीत हळकुंड धरलं आणि पिवळा तळहात माझ्यापुढे उघडला. “बाई, कोऱ्या हातानं कुणी व्हय म्हणलं, तर तिच्या सासूला काय कळायचं राहिलं?” तिनं घरातून हळदीची वाटी आणली, सगळ्यांचे हात माखले आणि आधी आपलाच हात पिशवीत घातला. “व्हय,” म्हणाली आणि हसली. पुढे संगणकातली माणसांची माहिती झाकून कशी ठेवायची, यातच माझा जन्म गेला. कुणी नवी युक्ती दाखवली की मी आजही आधी तळहात बघते. त्या दिवशी ‘व्हय’ म्हणताना तिच्या माखलेल्या मुठीत काय होतं, ते मात्र मला अजून माहीत नाही.