मूळ वाट

आमची आत्या लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवायची. चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसायचं, भल्यामोठ्या विजेच्या चुंबकाने भंगार उचलायचं आणि भट्टीत सोडायचं. बावीस वर्षं हेच. तोंडाची फटकळ, खालचे लोक तिला ‘वरचं कोर्ट’ म्हणत.

मग तिची छाती धडधडू लागली. अचानक सुरू व्हायची, अचानक थांबायची. एकदा वर असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. चुंबक भरलेलं, खाली माणसं. कसाबसा तिने ब्रेक दाबला. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पेंग यायची, धडधड मात्र जाईना. कारखान्याने वर चढायला बंदी घातली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढलं. “जांघेतल्या शिरेतून बारीक नळी इथवर न्यायची. विजेची एक चोरवाट आहे, ती जाळून बंद करायची. बहुतेकांची धडधड कायमची जाते, गोळ्याही सुटतात.”

“आणि बहुतेकांत मी नसले तर?”

“पुन्हा सुरू होऊ शकते. जांघेत रक्तस्राव होतो कधी. क्वचित हृदयाला भोक पडतं. शंभरात एखाद्याची ठोक्यांच्या विजेची मूळ वाटही दुखावते, मग पेसमेकर बसवावा लागतो.”

“तुम्ही काय केलं असतंत?”

“करून घेतलं असतं. पण सही तुमचीच लागेल.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ? तिने सही केली.

दोन तास म्हणाले होते, चार झाले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या टोपी काढतच. “धडधड थांबली. पण मूळ वाट दुखावली.” दोन दिवस वाट पाहिली, ती सुधारली नाही. तिसऱ्या दिवशी पेसमेकर बसला.

घरी सोडताना पथ्यं सांगितली. शेवटचं होतं, मोठ्या चुंबकाजवळ जायचं नाही, पेसमेकर बिघडतो.

“अहो बाई,” आत्या म्हणाली, “माझं पोट चुंबकावरच चालतं.”

डॉक्टरीणबाईंनी पथ्यांचा कागद तिच्या हातात ठेवला. चूक कुणाचीच नव्हती, म्हणून भांडणार तरी कुणाशी?

आता ती फाटकाजवळच्या खोलीत हेल्मेटं वाटते. धडधड पुन्हा आली नाही. विचारणाऱ्याला हे ती आधी सांगते. एकदा मी विचारलं, “पुन्हा सही केली असतीस?”

“नसती केली तरी खालीच होते गं. केली तरी खालीच.”