तिसऱ्या दिवसाचा फोन

दवाखान्यातून घरी गेलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी फोन करायचा, हे फोनवाल्या बाईचं काम. गोळ्या घेता का, पाय सुजलेत का, दम लागतो का, एवढं विचारायचं आणि फॉर्मवर खुणा करायच्या. महिन्याच्या आत माणूस परत भरती झाला की वरच्या साहेबांचं तोंड आंबट व्हायचं, म्हणून हा सगळा उद्योग.

अकरा वर्षांत तिच्या कानाला मात्र एक गोष्ट कळायला लागली होती, जिला फॉर्मवर जागाच नव्हती. काही जणांच्या बोलण्यामागं हृदयाच्या वॉर्डातला औषधांचा गाडा वाजायचा. त्याचं पुढचं चाक रडकं. कीं-ठक, कीं-ठक. माणूस आपल्या घरात बसून बोलतोय, मागं टीव्ही बोंबलतोय, आणि त्यातून कीं-ठक. ज्याच्या मागं वाजलं, तो महिन्यात परत आलाच. एकदा तिनं नर्सबाईला सांगून पाहिलं. कानातला मळ काढ म्हणाली.

मग तिचा थोरला भाऊच त्या वॉर्डात पडला. आठ दिवसांनी घरी गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तेलाची बाटली घेऊन वॉर्डात गेली आणि चाकाला पोटभर तेल पाजलं. गाडा मुक्यासारखा चालायला लागला. तेव्हा कुठं तिनं नंबर फिरवला.

दादा मजेत होता. गोळ्या चालू, पाय हलके, वहिनी मीठ घालत नाही म्हणून जेवण तेवढं गवतासारखं, असं सांगून हसला. तिचा जीव भांड्यात पडतोय, तोच मागं वाजलं. कीं-ठक. आणि ते जवळ जवळ येत राहिलं.

"दादा, घरात काय वाजतंय?"

"कुठं काय? सगळं चिडीचूप आहे."

"नडगीवर बोट दाबून बघ."

त्यानं बोट दाबलं आणि उचललं. मग हळूच म्हणाला, "खड्डा पडतोय गं. सूज आहे, कालपासनं. पण परत त्या खाटेवर नको."

"चपला घाल. मी येते."

दुपारी डॉक्टरांनी तपासलं. छातीत पाणी धरायला लागलं होतं. आज आणलंत म्हणून बरं, उद्या अवघड होतं, म्हणाले. तीच खाट मिळाली. ती उशाशी बसली. संध्याकाळच्या गोळ्या घेऊन गाडा आला, जराही आवाज न करता.

दादानं डोळे न उघडता विचारलं, "थांबलं का ते चाक? घरी तीन दिवस माझ्या खाटेभोवतीच फिरत होतं. तू हसशील म्हणून बोललो नाही."